कुठेताईंची ओंजळ

घराबाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये, एवढं आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या ताईंना मात्र ते कधी जमलंच नाही. कोणी बॅग खांद्याला लावून उठला की लगेच, "कुठे?" टेबलावरचा कप हलला की, "कुठे गेला?" डोंबिवलीच्या घरी सासूबाई यावरून रोज कपाळाला हात लावतात, हे ताईच हसत हसत सांगायच्या. आमच्या ठाण्याच्या ऑफिसात त्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव पडलं, कुठेताई. ते त्यांच्या कानावर गेलंच. "ठेवा की," म्हणाल्या, "नुसत्या 'मॅडम'पेक्षा बरं आहे."

ताई एकेकाळी प्रोग्रामर म्हणून चांगल्या नोकरीत होत्या. मग दोन मुली झाल्या, सासऱ्यांचं आजारपण आलं, आणि दहा-बारा वर्षं घरातच गेली. मुलाखतीत आमच्या सुहास सरांनी विचारलं, "मॅडम, मधली एवढी वर्षं काय करत होतात?" ताई म्हणाल्या, "माणसं सांभाळत होते. त्याला तुमच्यात काय म्हणतात, सुट्टी?" सर चपापले. नोकरी दिली खरी, पण अट घातली: सहा महिने बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू. ते 'बघू' ताईंना फार लागलं होतं. चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ! मला मात्र एकदा जेवताना म्हणाल्या, "अगं मेधा, यावेळी परत घरी बसले ना, तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही मला." आणि लगेच माझ्या डब्यातली भेंडी उचलली.

काम मोठं झकास होतं. ओला-सुका कचरा नीट वेगळा करणाऱ्या सोसायट्यांना टोकनं द्यायची, म्हणजे संगणकावरची नाणी, आणि ती आसपासच्या दुकानांत चालवायची. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सोसायट्या यात होत्या. सगळं ब्लॉकचेनवर, म्हणजे हिशेब सर्वांना उघड दिसणार आणि एकदा नोंद झाली की कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. नियम एकच. आजवर जेवढी टोकनं निर्माण केली तो एकूण आकडा आणि सगळ्यांच्या खात्यांतली बेरीज, दोन्ही सारखे हवेत. ऐकायला किती सोपं! पण टोकन जन्माला घालणं आणि ते कुणाच्या तरी पदरात पडणं, या दोन गोष्टींच्या मध्ये एक फट असते. सगळी भानगड त्या फटीत होते.

आमची भानगड केली खुद्द सुहास सरांनी. माणूस वाईट नाही हो. इथल्याच, ठाण्यातल्या कोपरीचा, मनाने उदार, पण घाई अशी की चहा निवायच्या आत पिऊन जीभ भाजून घेणार. चाचणीच्या पहिल्या दिवशी त्यांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि स्वतःच्या हाताने टोकनं निर्माण केली. एकशे एक. शंभर सोसायट्यांच्या खात्यांत एकेक गेलं. नंतर एकूण आकडा आणि बेरीज काही केल्या जुळेना. आम्ही दोन दिवस कोड पिंजून काढलं. डोळे बटाट्याएवढे झाले. शेवटी ताई सरांच्या केबिनमध्ये गेल्या, दार उघडंच होतं.

"सर, शंभर सोसायट्यांना गेली. वरचं एक कुठे?"

"अहो मॅडम, ते शुभ म्हणून. पाकिटात नाही का आपण वर एक रुपया घालत? ते देवाचं."

"देवाचं खातं उघडलंय का आपण?"

अख्खा मजला फुटला. सरही हसले. ताईसुद्धा पोट धरून हसल्या, पण जागेवर येऊन बसल्या तेव्हा गंभीर होत्या. "चूक सरांची नाही गं," त्या म्हणाल्या. "बेवारस टोकन जन्माला आलं आणि आपलं कोड गप्प बसलं, हे वाईट. त्याने ओरडायला हवं होतं."

मग त्यांनी तो भाग मुळापासून नव्याने लिहायला घेतला. त्यात नवी टोकनं जन्मली की आधी एका ओंजळीत यायची. नावच दिलं होतं त्यांनी, ओंजळ. ती हातात घेतलेल्या कोडने एक तर ती कुणाच्या खात्यात रिकामी करायची, नाहीतर परत द्यायची. तिची नक्कल करता येत नाही, ती बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही. आणि कोड मध्येच अडखळलं, तर ओंजळ सुटताना तिच्यातली टोकनं आपोआप नाहीशी होणार आणि एकूण आकडा तेवढाच खाली येणार. मी म्हटलं, "ताई, जरा जास्तच कडक नाही का?" तर म्हणाल्या, "ओंजळ भरलेली असली की नाक तरी खाजवता येतं का? आधी ती ओत, मग काय करायचं ते कर."

सरांना हे बिलकूल पटलं नाही. लोकार्पणाची तारीख जवळ आलेली. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "देवाचं टोकन काढून टाका, विषय संपला. पुन्हा सगळं कशाला लिहायचं?"

"आज देवाचं काढाल सर, उद्या दुसऱ्या कुणाचं राहील. लोक आपल्याला चोर म्हणतील."

"ठीक आहे. पुण्याहून तपासणीवाली मंडळी येतायत, कोड फोडायला. त्यांनी एक जरी बेवारस टोकन काढून दाखवलं ना, तर तुमची ओंजळ रद्द. आणि तुमच्या सहा महिन्यांचं काय ते तुम्हीच समजून घ्या."

माझं डोकंच फिरलं. अशी अट घालतात का कुणाला? ताई फक्त म्हणाल्या, "चालेल."

पुण्याची मंडळी आठवडाभर बसली. हरएक तऱ्हेने कोडला चिमटे काढले. काही मिळेना. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांच्या प्रमुखाला, वरदला, एक वाट सुचली. टोकनं निर्माण होत असतानाच ती घेणाऱ्या सोसायटीचं खातं बंद करायचं. पडद्यावर तो एकेक ओळ थांबवत चालवायला लागला. आम्ही सगळे मागे उभे. एकूण आकडा वाढला. खातं बंद झालेलं. टोकनं कुणाच्याच नावावर नाहीत.

"सापडलं!" वरद ओरडला. "हे बघा, बेवारस!"

सुहास सरांनी डोळे मिटले. मी ताईंचा हात धरला, तो गार पडला होता. पण आवाज? खणखणीत!

"थांबा. ओंजळ अजून हातात आहे. पुढची ओळ चालवा."

वरदने बटण दाबलं. आकडा झपकन खाली आला, होता तिथे. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग इरेला पेटून त्याने ओंजळीकडे दुर्लक्ष करणारं कोड स्वतः लिहून पाहिलं, तर संगणकाने ते घ्यायलाच नकार दिला. कुठल्या ओळीत ओंजळ घेतली आणि ओतली नाही, तेही वर सांगितलं. वरद खुर्चीत मागे रेलला आणि चक्क टाळ्या वाजवायला लागला. मग आम्ही सगळ्यांनी असा दंगा केला की खालच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. अहो, नाचलो आम्ही! सुहास सर सगळ्यांच्या आधी. नाचता नाचता थांबले, ताईंसमोर आले आणि म्हणाले, "मॅडम, मी चुकलो. आजपासून तुम्ही कायम. आणि हे सगळं काम तुमच्याच हाताखाली."

आता ताई ठाण्यात नाहीत. मोठी संधी आली आणि त्या बंगळूरला गेल्या. निरोपाच्या दिवशी मी घळाघळा रडले, ते सांगायला मला लाज नाही. मी आज जे कोड लिहिते ना, त्यात काहीही निर्माण करायच्या आधी ते कुणाच्या हाती जाणार हे ठरवते. माझ्या हाताखालच्या मुली यावरून मला हसतात. हसू देत.

पण ताई म्हटलं की मला त्या दिवशीची संध्याकाळ दिसते. नाचगाणं आटोपल्यावर त्या हळूच बाहेर जिन्यात गेल्या आणि घरी फोन लावला. मी पाणी घेऊन मागोमाग गेले.

"अहो, ऐकलंत का? मला कायम केलं."

पलीकडून नीट ऐकू आलं नसावं. ताई मोठ्याने म्हणाल्या, "कायम केलं, कायम!" वर-खाली दोन्ही मजल्यांवर आवाज घुमला. मग फोन ठेवला, डोळे पुसले, आणि समोर कुणीही नसताना, अगदी सावकाश, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मला कायम केलं."