मोरशिखेचा काढा आणि साहेबांची सही

साहेब विहिरीत वाकून बघत होते आणि मी मनातल्या मनात सिरोंच्याला बिऱ्हाड हलवत होतो. आमच्या खात्यात साहेब चिडले की माणूस बदलीवर पार सिरोंच्याच्या जंगलात जायचा. माझं नुकतंच लग्न झालं होतं, आणि वर्धा सोडून कुठेही येणार नाही असं बायकोने आधीच बजावलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी ज्युनिअर इंजिनिअर होतो. आष्टीकडच्या एका गावातल्या जुन्या दगडी विहिरीची दुरुस्ती माझ्याकडे होती. एस्टिमेटमध्ये एक आयटम होता: झाडोरा काढणे. फटीत मुळं शिरली की दगड सुटतात, म्हणून. पिंपळाची रोपं काढली. उरली मोरशिखा. हा एक नेचा, म्हणजे फूल न येणारी वनस्पती. दगडाच्या सांदीत बोटभर वाढते, पानं मोराच्या तुऱ्यासारखी. एप्रिलच्या उन्हात ती तपकिरी होऊन मुठी आवळून बसली होती. वाळलं म्हणजे मेलं. आम्हा सिव्हिलवाल्यांची बॉटनी एवढीच. शिवाय काढायला गेलं की सरुबाई काठावर ठाण मांडायची. गावाची झाडपाल्याची औषधं तिच्याकडे असत.

"लेकराच्या पोटात जंत झाले त काय देऊ? तुमचं सिमेट?"

मी रिपोर्टात लिहून टाकलं: झाडोरा काढला, उर्वरित मृत.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सरपंचांनी माझी पुरती जिरवली, तीही प्रेमाने. साहेब येणार म्हणून त्यांनी विहीर आतून बादल्या मारून धुऊन काढली. सकाळी बघतो तर मोरशिखेने सगळ्या मुठी उघडलेल्या. हिरवीगार!

"हे मृत?" साहेबांनी विचारलं.

"परवापर्यंत होतं, सर."

"मेलं नोतं जी," सरुबाई मध्येच बोलली. "पाणी नाई भेटलं का गपचूप पडून राह्यते. भेटलं का उठते."

साहेबांनी खिशातून डायरी काढली. डायरी निघाली की काही खरं नसायचं. तेवढ्यात सरुबाईने पितळी पेला पुढे केला.

"घ्या जी, उन्हाचे आले. मोरशिखेचाच काढा हाय."

साहेबांना पोटाची जुनी तक्रार. घटाघटा प्यायले. वर आणखी अर्धा पेला मागितला.

"पोटाला चांगला ना?"

"पोटाले त चांगलाच. आन् घरात पाळणा हालत नसन, त हमखास हालते."

साहेबांना आधीच पाच मुलं. त्यात ते कुटुंबनियोजनाचे दिवस, आणि छोट्या कुटुंबावर गावोगाव भाषण ठोकणारेही तेच.

"हमखास?"

"आमच्या सुनेले जुळे झाले जी."

साहेबांनी पेला ठेवला नाही, टाकला. ड्रायव्हरला हाक मारली, जीपच्या बॉनेटवर माझा रिपोर्ट पसरला, न वाचता सही ठोकली आणि निघाले. डायरी कोरीच राहिली. मी वर्ध्यातच राहिलो, मोरशिखा विहिरीतच.

तो काढा बायांनी घ्यायचा असतो, हे सरुबाईने जीप दिसेनाशी झाल्यावर सांगितलं. मी तिच्या पाया पडलो.

पुढे अख्ख्या नोकरीत मी ढीगभर खुलासे लिहिले, नियम दाखवले, नकाशे उलगडले. इतक्या लवकर सही कधी मिळाली नाही. टेक्निकल मुद्द्याने साहेब हलत नाहीत, धसक्याने हलतात. त्या वेळचा धसका जरा जास्तच होता. साहेबांनी पुढचा महिनाभर दौरे काढले आणि रात्रीचा प्रत्येक मुक्काम रेस्ट हाऊसवर केला, घरी एकही नाही.