ओली लुगडी

मेळघाटातल्या एका नदीवर विजेसाठी मोठं धरण बांधायचं चाललं होतं. मे महिन्यात काठावरच्या शाळेत त्याची जनसुनावणी होती. अकोल्याहून मी धरणाविरुद्ध बारा पानांचं जहाल भाषण लिहून नेलं होतं. नदीपलीकडच्या गावातल्या बायांना पुलावरून फिरवून आणायला मुद्दाम जीप पाठवली, तर ती रिकामीच परत आली. माझं डोकंच सणकलं!

इकडे सुनावणी घ्यायला आलेले सरकारी साहेब धरणाचा अहवाल वाचू लागले, "उन्हाळ्यात ही नदी पूर्ण कोरडी असते, त्यामुळे धरणाने कुणाचंही पाणी तुटणार नाही..."

तेवढ्यात बाया आल्या आणि थेट साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. लुगडी कमरेपर्यंत ओली, फरशीवर नुसतं पाणी निथळत होतं.

"एवढ्या कशा भिजल्या?" साहेबांनी विचारलं.

"नदीतूनच आलो ना भाऊ," पुढची म्हातारी म्हणाली. "आमचा रस्ता तोच हाय. जीपनं कावून फिरून यावं?"

अख्खी शाळा टाळ्यांनी दणाणली! मी तर बाकावर चढून ओरडत होतो. भाषणाची पानं कधी चुरगळली, कळलंच नाही.

साहेबांनी अहवाल मिटला आणि टेबलाखाली आलेल्या पाण्यातून आपले बूट हळूच मागे घेतले.