आमच्या घाटाची शेळी

ओहोटीला नदीच्या चिखलाचा वास आला, की मला आमच्या आयर्लंडमधल्या या चिमुकल्या शहराच्या कौन्सिलची ती सभा आठवते. धक्क्यावरच्या जुन्या दगडी पायऱ्यांना फाटक लावून कुलूप ठोकायचं घाटत होतं. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर बसायच्या. एरवी त्यांना इथे होतं काय, चार भिंती आणि मी! म्हणून मी तावातावाने उभी राहिले आणि नेमकं तेव्हाच इंग्रजी मला सोडून गेलं. "यू कॅनॉट लॉक अवर घाट!" अध्यक्ष गोंधळले. "व्हॉट गोट?" मागून एक आजोबा ओरडले, "अहो, बाईंची शेळी आहे तिथे!" सभा खदखदून हसली. नवऱ्याने माझी बाही ओढली, "बस गं आता." मी कसली बसतेय! अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथे नवीन आहात." मी म्हटलं, "हजार वर्षांपूर्वी व्हायकिंग लुटारूही इथे नवीनच होते. ते याच नदीतून कुणाला न विचारता घुसले, मी निदान व्हिसा काढून आलेय." या वेळी सभा माझ्या बाजूने हसली आणि तेच आजोबा गरजले, "मोकळी सोडा तिची शेळी!" फाटक काही लागलं नाही. आता तिथे कौन्सिलचीच पाटी आहे, 'गोट स्टेप्स'. इथल्या मुलांसारखी आईला 'मॅम' म्हणणारी माझी लेक म्हणते, "मॅम, दॅट्स स्पेल्ट राँग. इट्स घाट!" मी म्हणते, असू दे. सासूबाई अजून दर उन्हाळ्यात येऊन तिथे बसतात, आणि आमच्या शेळीला कुणी दावं लावलेलं नाही.