फोरमनसाहेबांची पोस्टल मतपत्रिका

चार दिवसांसाठी इकडे आलेले जुने फोरमनसाहेब जेवायला येणार म्हणून आमच्या ह्यांनी सकाळीच सुरमई आणली, आणि लेकीनं जाहीर केलं की त्या माणसाच्या पंगतीला मी बसणार नाही. घ्या!

ती इथे आखातातच, सखीरला युनिव्हर्सिटीत राजकारण शिकते. आमचे हे गावाकडून येऊन इथल्या हिद्दच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले तेव्हा साहेब, मूळचे अमेरिकन, तिथे फोरमन होते. ह्यांना सगळं काम त्यांनीच शिकवलं. निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि तिथून मोबाइलवर पोस्टी टाकायला लागले, की परके लोक आमच्या नोकऱ्या खातात. लेकीचं म्हणणं, बाबा, परके म्हणजे तुम्हीच की! ह्यांचं तोंड एवढंसं झालं. एकीकडे गुरू, दुसरीकडे काळजाचा तुकडा. मी म्हटलं, बसेल ती गुमान. मनातून मात्र मलाही धाकधूक होती.

ती बसली, पण साहेबांनी सोलकढीचा पहिला घोट घेतला न घेतला तोच तिनं पोस्टींचा विषय काढलाच. बाई गं, निदान मासा तरी खाऊ द्यायचास!

साहेब चिडले नाहीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट सांगायला लागले. त्यांच्याकडच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार म्हणत होते, व्यापार खुला करू, सगळ्यांचंच भलं होईल. एक श्रीमंत म्हातारा अपक्ष उभा होता. टीव्हीवर तक्ते दाखवून सांगायचा, कारखाने मेक्सिकोला जातील. शहाणी माणसं त्याला हसली. साहेबांनी इथूनच पोस्टानं त्याला मत दिलं. पुढे त्यांच्या वडिलांचा कारखाना खरोखरच मेक्सिकोला गेला. वडिलांना सांगण्यात आलं, कॉम्प्युटर शिका. ते क्लासला जायचे आणि येताना बंद कारखान्यासमोर गाडी लावून बसून राहायचे. तेव्हापासून जो कोणी ओरडून म्हणाला की तुम्हाला फसवलं, त्यालाच साहेबांनी मत दिलं.

ऐकून मला भरूनच आलं. लेक कसली सोडते! म्हणाली, राग त्या पुढाऱ्यांचा, मग शिव्या आमच्या बाबाला का?

ह्यांचा घास हातातच राहिला. साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं.

"ह्याला काम मी शिकवलं. ह्यानं माझं काही खाल्लेलं नाही," ते म्हणाले. "पण तिकडे हे सांगितलं तर टाळ्या मिळत नाहीत."

मग लेकीनं सुरमईची मोठी तुकडी उचलून साहेबांच्या ताटात वाढली.

"काका, भांडण संपलेलं नाही," ती म्हणाली. "उद्या दुपारी परत जेवायला या."

साहेब इथल्या अरबांसारखं म्हणाले, इंशाल्ला. तेव्हा कुठे आमच्या ह्यांनी घास तोंडात घातला.