वडगावच्या आक्कांचा व्हॅक्यूम क्लीनर

मंडळी, जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवून दुरुस्त करायचं माझं वेड तुम्हाला ठाऊक आहेच. आज सकाळी त्याचं चीज झालं.

महिन्यापूर्वी वडगावच्या सुमनआक्कांनी त्यांचा ऐंशीच्या दशकातला, बंद पडलेला क्लीनर मला देऊन टाकला होता. मोटर जळलेली, नळी फाटलेली. निपाणीच्या एका वायंडिंगवाल्यानं मोटर नव्यानं भरून दिली. चालू झालेला क्लीनर दाखवायला आज स्कूटरवरून आक्कांकडे गेलो.

बटण दाबलं. आवाज घुमला तशा आक्का खालीच बसल्या.

"माझा दमा लई वाढला तवा ह्यांनी आणलंतं रं. घरातला कापडाचा माग सुरू करायच्या आधी रोज सगळी सुताची धूळ ओढून काढायचे. म्हणून तर जगले मी."

त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मला राहवेना. म्हटलं, "आक्का, राहू दे हे तुमच्याकडंच."

"नको. हितं पडून परत गंजंल. तू चालवतोस न्हवं? मग रविवारी मला फोन लाव नि बटण दाब. मी ऐकीन."

क्लीनर घेऊन परत आलो, पण तो माझा आहे असं आता वाटत नाही. आक्का, इतक्या विश्वासानं दिलात, लई उपकार झाले.

तुमच्या घरी आहे का असं एखादं यंत्र, ज्यानं कुणाला तरी जपलं?