लक्झेंबर्गला निघालेला हवालदार

…आणि एवढं समजावल्यावर गप्प बसेल तर तो शेजारचा तात्याबा कसला! अंगणातल्या वाळूभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "गड्या, समुद्र न्हाई, बंदर न्हाई, मग ह्यो देश म्हनायचा का तालुका?"

"आपल्या सातारा जिल्ह्याचं चार वाटं कर," कृष्णात हवालदार म्हणाला. "त्यातला एक वाटा. लक्झेंबर्ग."

"मग सरपंचच चालवत आसंल."

"राजा हाय. ड्यूक म्हंत्यात त्याला."

"एवढ्याशाला राजा बी हाय?" तात्याबा मटकन खालीच बसला.

उंब्रजच्या कृष्णातनं चोवीस वर्षं फौजेत काढलेली. फौजेची एक रीत असते. कुठं जायचं ठरलं, की तिथली जमीन आधी वाळूत मांडायची. टेकडी, ओढा, पूल, वाट, सगळं. भोवती उभं राहून ती डोळ्यांत भरून घ्यायची, मगच पाऊल उचलायचं. शेजारच्या बांधकामाची चार पाट्या वाळू उरली होती, ती मागून आणून हवालदारानं अख्खं लक्झेंबर्ग अंगणात उतरवलं होतं. रस्ते रांगोळीचे, नद्या कपड्यांच्या निळीच्या. राजधानीच्या मधून म्हणे खोल दरी जाते, ती खुरप्यानं कोरली. जुना किल्ला आहे हे कळलं तेव्हा तर गडी खूश. "अजिंक्यताऱ्याच्या खाली सातारा, आन हितं किल्ल्यावरच शहर," असं येईल त्याला सांगायचा.

हे सगळं त्याला शिकवलं शिवांजलीनं. एकुलती एक लेक. आई लवकर गेली, बापानंच वाढवलं. कराडला इंजिनिअर झाली, सांगलीच्या अनीशशी लग्न झालं आणि सहा वर्षांपूर्वी दोघं तिकडच्या बँकेत कॉम्प्युटरच्या कामाला गेली. दर रविवारी फोनवर तिचा तास असायचा.

"आबा, हितं बस, रेल्वे समदं फुकट हाय. तिकीटच न्हाई."

"मग कंडक्टर काय करतू?"

"कंडक्टरच न्हाई, आबा."

हे पचवायला हवालदाराला आठवडा लागला. पुढच्या रविवारी तिनं सांगितलं, कुणी भेटलं तर 'मोयेन' म्हणायचं, तिकडचा रामराम. विसरू नये म्हणून हवालदार रोज धारेला बसण्याआधी म्हशीला मोयेन घालायचा. म्हैस कान हलवायची. "बघ, तिला कळतंय," तो तात्याबाला म्हणायचा.

आधी तासभर चालणारं ते बोलणं होळीपर्यंत दहा मिनिटांवर आलं. शिवांजलीला मध्येच दम लागायचा. रक्ताचा कर्करोग होता. विमानात बसायची तिला परवानगी नव्हती आणि नवं औषध डॉक्टरांकडं उरलं नव्हतं. अनीशनं एकदा तिकडच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येऊन फोनवर सांगितलं होतं, "आबा, दोन महिने धरा. लवकर या." बापलेक त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढत नव्हते. ती स्टेशनापासून हॉस्पिटलपर्यंतची वाट सांगायची आणि हा ती वाळूत ओढायचा.

व्हिसाची कागदं हवालदारानं एकट्यानं जमवली. अनीश हॉस्पिटलातून हलत नव्हता, त्याला कशाला त्रास? आणि कागद म्हणजे काय, हवालदाराच्या हाताखालून आयुष्यभर गेलेले. बदली झाली की आधी चार्ज द्यायचा, सामान मोजून ताब्यात द्यायचं, सही घ्यायची, मग गाडीत चढायचं. त्यानं तसंच केलं. दीड एकर उसाचं रान पुतण्याच्या, तानाजीच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. लेकीमागं जमीन ठेवायची कुणासाठी? म्हैस त्याच्याच दावणीला बांधली. घर किल्लीसकट ताब्यात दिलं, सही घेतली. सगळ्या कागदांच्या नकला अर्जाला जोडल्या आणि कराडच्या टायपिस्टाकडून इंग्रजीत पत्र करून घेतलं: 'मी सर्व चार्ज दिलेला आहे. माझ्यामागे कोणतीही जबाबदारी शिल्लक नाही.' फौजेत या वाक्यावर साहेब पाठ थोपटतो.

अठरा दिवसांनी पाकीट आलं. आत पासपोर्ट आणि एक छापील कागद. हवालदाराला कामापुरतं इंग्रजी येत होतं. तरी त्यानं तीनदा वाचलं आणि उभ्याउभ्याच अनीशला फोन लावला.

"नको म्हंत्यात रं. लिवलंय, ह्यो मानूस परत जाईल आसं वाटत न्हाई."

"असं कसं? आबा, तुमचा सातबारा जोडलात ना?"

"तानाजीच्या नावचा जोडला. जमीन दिली न्हवं त्याला. घर बी."



"आबा, आत्ताच का दिलीत?"

"मंग? चार्ज न देता निघायचं व्हय?"

"अहो आबा, तुमच्यामागं तिकडं गावाला काहीतरी उरलंय, हेच तर त्यांना बघायचं असतं. म्हणजे माणूस परत जाईल म्हणून. एकदा मला विचारायचं तरी…"

हवालदारानं कागदाची घडी घातली. परत उघडली. "दुसरा अर्ज करतो. आजच कराडला जातो. लिवतो चुकलं म्हणून."

"करा," अनीश म्हणाला. "पण तीन आठवडे तरी जातील."  डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते. आता आठवड्यांत नाही, दिवसांत मोजा म्हणाले होते. हे त्यानं तुटक तुटक सांगितलं, तेव्हा हवालदार पायरीवर बसला. जमीन परत नावावर करून घेता आली असती, म्हैस सोडून आणता आली असती. हे तीन आठवडे तेवढे कुणाकडून आणायचे, ते त्याला सुचेना.

अनीश व्हरांड्यातून खोलीत गेला, तेवढ्यात फोनवर बारीक आवाज आला, "आबा हायत न्हवं? द्या हिकडं." मग श्वास. मग शिवांजली.

"आबा, आला का व्हिसा? कवा येताय?"

दुसरा अर्ज केलाय एवढंच म्हणा, असं अनीश मागून हळूच सुचवत होता. लेकीशी खोटं बोलायची हवालदाराला सवय नव्हती.

"न्हाई येत, बाय. त्यास्नी वाटतंय, ह्यो म्हातारा तितंच ऱ्हाईल, परत जानार न्हाई. आन खोटं कशाला बोलू, ऱ्हायलोच आसतो."