तेल लावून काढलेला कार्डिओग्राम

पिंपरीच्या नव्या कारखान्यात आमच्या ह्यांना नोकरी लागणार होती. राहिली होती फक्त डॉक्टरी तपासणी. सासूबाईंच्या मते तीही एक कुस्तीच. निघोज्याच्या जत्रेतल्या कुस्त्या जवळ आल्या की त्या लेकाचं अंग करडईच्या तेलानं रगडून काढत. तपासणीच्या सकाळीही त्यांनी तेच केलं. हे नुसते चकाकत गेले.

कारखान्याच्या डॉक्टरांना नाडी फार सावकाश लागली. त्यांनी तसंच पुण्याला कार्डिओग्राम काढायला धाडलं. कागदावर रेषा वेड्यावाकड्या उमटल्या. ‘हृदयात काहीतरी वेगळं दिसतंय, पुढच्या आठवड्यात परत या,’ एवढंच कळलं.

‘वेगळं’ म्हणजे काय, हे घरात ज्यानं त्यानं आपल्या भीतीप्रमाणे ठरवलं. सासूबाईंनी तालीम बंद केली. साधी कळशी उचलू देईनात. एवढा आडदांड गडी ओसरीवर पेज पीत बसायचा. मला हसू यायचं, पण ते टिकायचं नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नोकरी जाऊ दे, पण माणूस राहू दे, असं मी देवाला रोज विनवत होते.

दुसऱ्या खेपेला मीही सोबत गेले. हातापायाला पट्ट्या बांधताना पुण्याचे डॉक्टर थबकले.

“तेल लावलंय?”

“आईनं लावलं,” हे लाजून म्हणाले. “मागच्या खेपेलाबी.”

डॉक्टर हसत सुटले. साबणानं हातपाय धुवायला लावून त्यांनी पुन्हा कार्डिओग्राम काढला. रेषा स्वच्छ आल्या, पण ठोके सावकाशच.

“चक्कर येते? धाप लागते?”

“न्हाई. तालमीत जातो की मी.”

मग त्यांनी तिथंच बैठका मारायला लावल्या. ठोके भराभर वाढले आणि थोड्या वेळानं पुन्हा शांत झाले.

“कसलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून सावकाश चालतं,” डॉक्टर मला म्हणाले. “कागदावर वेगळं दिसलं की तपासावं जरूर, पण दर वेळी तो आजारच असतो असं नाही. यांचं हृदय उत्तम आहे. कारखान्याला तसं लिहून देतो.”

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लेकाच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“सावकाश चालतंय व्हय? आगं, जन्माला यायलाबी ह्यानं कुठं घाई केली व्हती!”

डोळे पुसून त्या उठल्या, उरलेली पेज म्हशीपुढं ओतली आणि ह्यांच्या हातात कळशी दिली.

“जा, पानी आन.”

हे विहिरीकडं निघाले. त्या दिवशी मी पोटभर जेवले.